त्रेचाळीस नंबरचा मीटर

छत्तीस वर्षं मी रेल्वेच्या टेलिफोनच्या तारा सांभाळल्या आणि तेवढ्या काळात रजिस्टरमध्ये एकदाही खोटा आकडा लिहिला नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी बाजू फारशी उजळ नाही, तेव्हा एखादी तरी चांगली गोष्ट तुमच्या कानावर असलेली बरी.

मी गुलाबराव तायडे, मूळचा भुसावळचा. नोकरीने जयपूरला आणलं आणि नोकरी संपल्यावर परत न्यायला कुणी आलं नाही. मुरलीपुऱ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, त्यात मी आणि सुलोचना, म्हणजे माझी बायको, राहत होतो. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या, अक्षदाच्या बाळंतपणासाठी ती पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. तान्ह्या पोराला कुणीतरी बघायला हवं होतं. मी 'मागून येतोच' म्हणालो. त्या 'येतोच'ला तीन दिवाळ्या झाल्या. जाऊन करायचं काय? जावयाच्या सोफ्यावर बसून राहायचं आणि कुणी उठ म्हटलं की उठायचं? रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "जेवलात का?" "जेवलो." "काय केलं होतं?" "खिचडी." एवढं झालं की दोघांनाही पुढचं सुचायचं नाही आणि फोन बंद व्हायचा.

म्हणून मी काम धरलं. एका खाजगी कंपनीला घरोघरी नवे वीजमीटर बसवायचे होते, आपलं रीडिंग आपणच ऑफिसला कळवणारे. मीटर बसवायला अक्कल लागत नाही. त्याने कळवायचं कशावरून, हा खरा प्रश्न होता, आणि तो सोडवायला त्यांनी माझ्यासारखा जुना तारवाला शोधून काढला होता.

विजेच्या तारेवरूनच निरोप पाठवण्याचा एक रस्ता होता, तो मी पहिल्या आठवड्यातच मोडीत काढला. इकडच्या तारांना इतके सांधे की निरोप निघायचा आणि वाटेतच जीव सोडायचा. उरले दोन. एक म्हणजे प्रत्येक मीटरमध्ये मोबाईलसारखं सिम टाकायचं. दुसरा म्हणजे रेडिओ. त्यात मीटर आपलं रीडिंग शेजारच्या मीटरला सांगतो, तो त्याच्या शेजाऱ्याला, असं करत ते खांबावरच्या पेटीपर्यंत पोचतं आणि तिथून ऑफिसला. मी रेडिओच्या बाजूचा. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर स्वप्नील सिमच्या बाजूचा. त्याचे वडील नागपूरहून बदलून आलेले रेल्वे गार्ड. हा इथल्याच रेल्वे कॉलनीत वाढला, त्यामुळे त्याचं मराठी मध्येच रूळ बदलायचं.

"काका, मतलब सिम टाकून मोकळं होऊन जाऊ ना," तो म्हणायचा. "नेटवर्क मोबाईल कंपनीवाले बघतील. आपल्याला टेन्शनच नाही."

"आणि जिथे रेंज नाही तिथे?"

"तो एरिया मॅन्युअलमध्ये टाकू."

"मॅन्युअलमध्ये टाकू म्हणजे वाऱ्यावर सोडू, असं सरळ म्हण की."

तो हसायचा. पोरगा वाईट नव्हता, घाईत होता. शेवटी असं ठरलं की जयपूरबाहेर कानोत्याकडच्या भागात साठ घरी रेडिओचे मीटर बसवून तीस दिवस बघायचं. रोज सकाळी आठपर्यंत साठपैकी सत्तावन्न मीटरांनी आपणहून रीडिंग पाठवलं तर तो दिवस पास. तीसपैकी वीस दिवस पास झाले तर त्या सगळ्या भागाला रेडिओ, नाहीतर सरसकट सिम. सरसकट सिम झालं असतं तर ढाणीतली, म्हणजे शेतातल्या वस्तीवरची घरं कायमची मागे पडली असती. तिथे मोबाईल लागतो तो छपरावर चढून. लाईट गेली तर ऑफिसला कळणार कधी, तर कुणीतरी छपरावर चढेल तेव्हा. मला हे मान्य नव्हतं. शिवाय माझं हे शेवटचं काम होतं, आणि शेवटच्या कामात मला एका पोरासमोर तोंडावर पडायचं नव्हतं. हेही खरं कारण आहे, लपवत नाही.

पहिले सात दिवस नियमच असा होता की मीटर बोलला तरी साठही घरी फोन करायचा, मीटरवर दिसतो तो आकडा विचारायचा आणि आलेल्या आकड्याशी ताडून बघायचा. हे काम माझ्याकडे. आठ वाजता सुरू केलं की दहापर्यंत घसा बसायचा. कुणी म्हणे, "भैया, अभी पूजा में हैं." कुणी आकड्याऐवजी मीटरवरची लाल बत्ती कशी लुकलुकते ते सांगत बसे. त्रेचाळीस नंबरच्या घरी फोन लावला तर दोनदा घंटा वाजल्यावर उचलला आणि पलीकडून खणखणीत आवाज आला, "गेट नंबर एकशेबारा, हणमंत बोल रहा हूँ."

मी गारच पडलो. रेल्वेतली माणसं अशीच फोन उचलतात. मी हिंदीत रीडिंग विचारलं. तो म्हणाला, "चौदा हाय जी. प्रायवेट नंबर सदतीस."

त्या 'हाय'वरून आणि 'सदतीस'वरून माणूस आपला आहे हे कळलं. प्रायव्हेट नंबरवरून तो फाटकवाला आहे हे कळलं.

हा प्रकार बाहेरच्यांना ठाऊक नसतो. स्टेशन मास्तर फाटकावर फोन करून सांगतो की गाडी येतेय, फाटक बंद कर. फाटकवाला बंद करतो आणि उलट कळवतो. पण नुसतं 'बंद केलं' म्हणून चालत नाही. त्याच्याकडे दोन आकडी नंबरांचा एक कागद असतो. त्यातला एक नंबर तो सांगतो, मास्तर लिहून घेतो आणि इकडे फाटकवाला तो कागदावरून खोडतो. नंबर दिला म्हणजे शब्द दिला. मग काही झालं तर मान त्याची. तो कागदही कुणाच्या हाती पाठवत नाहीत. ज्याचा त्याने समोर येऊन, सही करून घ्यायचा.

"कुठले हो तुम्ही?" मी मराठीत विचारलं.

त्याची हिंदी तिथेच थांबली. मग म्हणाला, "सांगोल्याचा. साहेब, तुमी मराठी?"

हणमंत लवटे रूळ रुंद करण्याच्या कामावर खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर म्हणून इकडे आला होता, मग कानोत्याजवळच्या फाटकावर लागला आणि तिथेच रिटायर झाला. फाटकही आता राहिलं नव्हतं. खालून भुयारी रस्ता काढला आणि फाटक उखडून नेलं. बायको, भागुबाई, चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा सुरतेला. हे सगळं मला सात दिवसांत कळलं, रोज थोडं थोडं. बाकीच्या एकोणसाठ घरांना मी अर्धा-अर्धा मिनिट देत होतो. त्रेचाळीस नंबरला सहज दहा मिनिटं जायची. त्याने कधी दुःख सांगितलं नाही. बोलायचा काय, तर नीलगाईंनी कुणाचं शेत खाल्लं, बाजरीची भाकरी कशी जमत नाही आणि ज्वारी इकडे कशी मिळत नाही. रीडिंग, प्रायव्हेट नंबर आणि मग "साहेब, च्या झाला का?" रोज. मला घरात चहा झाला का असं विचारणारं तीन वर्षांत कुणी नव्हतं.

आठव्या दिवसापासून नियम बदलला. आता फोन करायचा तो फक्त गप्प राहिलेल्या मीटरच्या घरी. पहिले सातही दिवस पास झाले होते; आठव्या दिवशी साठच्या साठ बोलले. नवव्या दिवशीही. स्वप्नीलचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी खुशीत असायला हवं होतं. पण आठ वाजले आणि हात आपोआप फोनकडे गेला, आणि फोन करायला काही कारण नव्हतं.

दहाव्या दिवशी त्रेचाळीस नंबर गप्प. आदल्या संध्याकाळी मोठी आंधी आली होती, धुळीने आकाश पिवळं झालेलं. वाटलं, तिचाच प्रताप. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी आठला फोन लावला, दोन घंटांनंतर त्याने उचलला, रीडिंग दिलं, नंबर दिला आणि चहा झाला का विचारलं.

पण त्रेचाळीसबरोबर आणखी तीन मीटर गप्प होते. हणमंतच्या पलीकडे ढाणीत तीन घरं होती आणि त्यांचा निरोप त्याच्या मीटरवरूनच पुढे यायचा. हा गप्प तर तीही मुकी. साठातून चार गेले, राहिले छप्पन्न. दिवस नापास.

अकराव्या दिवशी तेच. बाराव्याला सगळे बोलले, मी सुटकेचा श्वास टाकला आणि तरी आठ वाजता फोन हातात घेऊन खाली ठेवला. तेराव्यापासून पुन्हा गप्प. गंमत अशी की नऊच्या सुमाराला हाच मीटर टुणकन बोलायला लागायचा, मागचं सगळं सांगायचा आणि दिवसभर शहाण्यासारखा वागायचा. आमचा टेक्निशियन विशाल दोनदा दुपारी जाऊन आला. अँटेना ठीक, जोडणी ठीक, सगळं ठीक. मी दवाचा विचार केला. मे महिन्यात जयपूरला दव! गाड्यांच्या वेळा तपासल्या. पेटी बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या. आणि रोज आठला फोन करत राहिलो. ढाणीतल्या तिघांना अर्धा-अर्धा मिनिट, हणमंतला दहा.

स्वप्नीलने एकोणिसाव्या दिवशी समोर कागद ठेवला. "काका, दहा दिवस पास आहेत. अजून दहा पाहिजेत. उद्याचा गेला की उरतात दहाच. मतलब त्यानंतर एक पण दिवस फेल नाही चालणार."

"मला गणित येतं," मी म्हणालो.

"मी सिमचा रिपोर्ट बनवून ठेवू का? मतलब, फक्त तयार ठेवतो."

मी कागद त्याच्याकडे परत सरकवला. रागाने कान तापले होते. विसाव्या दिवशी पहाटे उठलो, स्कूटर काढली आणि सरळ कानोत्याचा रस्ता धरला. हणमंतला कळवलं नाही. शहराबाहेरच्या घाटाचा बोगदा ओलांडला तेव्हा उजाडलं होतं. पत्ता विचारत विचारत पोचायला साडेसात झाले.

घर कसलं, एक खोली आणि पुढे पडवी, भोवती छातीएवढ्या उंचीची दगडी भिंत. आजूबाजूला कुणी नाही. एका बाजूला उखडलेल्या फाटकाकडे जाणारा जुना रस्ता, दुसऱ्या बाजूला लांबवर ढाणीची छपरं. मी स्कूटर बाभळीखाली लावली आणि भिंतीपाशी आलो, पडवीतला मीटर शोधायला लागलो तर मीटर दिसेना. मीटरच्या जागी पत्र्याचा डबा होता. पंधरा किलो तेलाचा डबा, एक बाजू कापून काढलेला, खिळ्याला तारेने टांगून मीटरवर टोपीसारखा बसवलेला. पत्र्याच्या डब्यात कोंडल्यावर रेडिओ काय बोलणार, कपाळ?

मला असा संताप आला की तिथूनच ओरडणार होतो. पण मग हणमंत दिसला.

तो अंगणात कडुलिंबाच्या झाडाखाली खाटेवर बसला होता. बहुधा तेवढ्याच जागी त्याच्या मोबाईलला रेंज येत असावी. सत्तरीच्या पुढचा, वाळलेला, ताठ माणूस. अंघोळ झालेली, धुतलेला सदरा, डोळ्यांवर चष्मा. मांडीवर वही, वहीवर मोबाईल, आणि हातातल्या घड्याळाकडे नजर. वाट बघणारी माणसं मी स्टेशनांवर आयुष्यभर पाहिली आहेत. पण इतकी तयारी करून वाट बघणारा माणूस मी पाहिला नव्हता.

आठ वाजले. मी भिंतीआड बाभळीपाशी सरकलो आणि रेंजच्या एका कांडीवर फोन लावला. का लावला ते मला आजही नीट सांगता येत नाही.

फोन वाजला तसा तो उठून उभा राहिला. इतके दिवस मी ज्या माणसाशी बोलत होतो तो उभा राहून बोलत होता, हे मला माहीत नव्हतं. दोन घंटा होऊ दिल्या, मग उचलला. "गेट नंबर एकशेबारा, हणमंत."

"रीडिंग सांगा," मी म्हणालो. आवाज दबका ठेवला.

"थांबा हां साहेब." तो पडवीत गेला, डबा एका हाताने वर उचलला, वाकून आकडा बघितला, डबा पुन्हा खाली सोडला आणि खाटेपाशी परत आला. "अडतीस. प्रायवेट नंबर एक्कावन्न." मग वहीत घातलेल्या कागदावर काहीतरी खोडलं. "साहेब, च्या झाला का?"

"नाही झाला आज," मी म्हणालो.

"का वो? तब्बेत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे," म्हटलं आणि फोन ठेवला. तो थोडा वेळ बंद फोनकडे बघत उभा राहिला, रोजच्यापेक्षा लवकर ठेवला म्हणून असेल. मग पडवीत जाऊन त्याने तार सोडली, डबा काढून कोपऱ्यात ठेवला आणि पुन्हा खाटेवर येऊन बसला. आता त्याला दिवसभर काही काम नव्हतं.

मी भिंतीतल्या मोकळ्या जागेतून आत गेलो. त्याने मला कधी पाहिलं नव्हतं, पण "हणमंतभाऊ" म्हटल्याबरोबर त्याने आवाज ओळखला. आधी हसला. मग माझ्या नजरेबरोबर त्याचीही नजर डब्याकडे गेली आणि हसू मावळलं.

"आंधी आली हुती तवा धूळ जाऊ नये म्हून लावला," तो म्हणाला. "दुसऱ्या दिशी तुमचा फोन आला. म्हटलं, असं कसं? मग एक रात डबा काडून बगितलं, तर न्हाई आला. लावला की आला." मग म्हणाला, "च्या ठिवतो."

"चहा नको!" मी ओरडलो. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? ढाणीतल्या तीन घरांचे मीटर तुमच्या मीटरवरून बोलतात. तुम्ही हा झाकला की ती तिन्ही मुकी होतात. त्या चारांपायी आजचा धरून दहा दिवस नापास झाले. माझं सगळं काम पाण्यात चाललंय, आणि ते पाण्यात गेलं तर त्या लोकांना पुन्हा कुणी विचारणार नाही!"

माझ्या कामाचं त्याला फारसं काही वाटलं नसावं. पण ढाणीचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. तो खाटेवर बसला.

"म्हंजी माझ्यापायी मागल्या गाड्या उभ्या ऱ्हायल्या?"

"हो."

"एकतीस वर्सं फाटकावर काडली साहेब. एक गाडी डिटेन न्हाई केली. एक बी न्हाई." त्याचे डोळे भरले. "मला वाटलं, माझंच फाटक हाय, बंद ठिवलं तर कुनाचं काय जातंय."

मग मात्र मला ओरडता येईना. कारण मीही काही धुतल्या तांदळाचा नव्हतो. दहा दिवस एक मीटर रोज आठपर्यंत गप्प राहतो आणि नऊला बोलतो, त्यात काहीतरी काळंबेरं आहे, हे छत्तीस वर्षांच्या अनुभवाच्या माणसाला दुसऱ्या दिवशी कळायला हवं होतं. मी सकाळी एकदा येऊन बघायला हवं होतं. विशालला दुपारी पाठवत राहिलो. मलाही तो फोन हवा होता. हे मी त्याला सांगितलं का? नाही सांगितलं. साहेब होतो ना मी.

तो उठला, डबा आणून माझ्या हातात दिला. "ह्यो घिऊन जावा. पुन्हा झाकनार न्हाई. प्रायवेट नंबर चौसष्ट." आणि खिशातल्या पेनाने कागदावरचा चौसष्ट खोडला.

"मीटर बोलला तरी मी फोन करीन," मी म्हणालो.

"करा की," तो म्हणाला. लहान मुलाला आपण म्हणतो तसं.

डबा स्कूटरच्या पुढ्यात ठेवून मी मुरलीपुऱ्याला आलो. स्वप्नीलला सांगितलं, अँटेनाला पत्रा लागत होता, काढला. खोटं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी साठच्या साठ बोलले. मी आठला हणमंतला फोन केला. त्याने उचलला, नंबर सांगितला, नाव सांगितलं आणि गप्प राहिला. मीही गप्प. रीडिंग विचारायचं नव्हतं, ते समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलं होतं. "काही नाही, सहज केला," मी म्हणालो. "बरं केलं," तो म्हणाला. नीलगाईंचं विचारलं, त्या आल्या नव्हत्या. मिनिटभरात सगळं संपलं. दोन म्हातारे पुरुष कामाशिवाय काय बोलणार? आम्हाला कुणी शिकवलंय? बाविसाव्या दिवशी मी म्हटलं, उद्या करू. तेविसाव्यालाही तेच म्हटलं. मग रिपोर्टचं काम निघालं आणि राहूनच गेलं.

पण रोज सकाळी मी पडद्यावर त्रेचाळीस नंबर आधी बघायचो. हिरवा, म्हणजे बोलला. रोज हिरवा. एक दिवस जरी त्याने काहीतरी वर टाकलं असतं, गोणपाटाखाली पत्रा सरकवला असता, तरी फोन आला असता हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसरा डबा काय, कुठेही मिळतो. दहा दिवस त्याने त्याचा शब्द पाळला. मी माझा एक दिवस पाळला.

तिसाव्या दिवशी वीस पुरे झाले. रेडिओ ठरला. स्वप्नीलने पेढे आणले, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला. आता पुण्याला जाणार ना? काकू वाट बघत असतील." मी म्हटलं, "बघू." संध्याकाळी सुलोचनाला सांगितलं की काम फत्ते झालं. तिला आनंद झाला. "मग कधी येताय?" तिने विचारलं. "येतोच," मी म्हणालो. ती म्हणाली, "जेवलात का?"

दुसऱ्या दिवशी रविवार. ऑफिस नाही, रजिस्टर नाही. आठला पाच कमी असताना मी चहाचा कप घेऊन बसलो होतो. ऑफिसातल्या पडद्यावरचा तोच तक्ता मोबाईलवर उघडून बघितला. त्रेचाळीस हिरवा. त्या हिरव्या ठिपक्यावरून मला कळत होतं की त्याच्या घरात वीज आहे, पंखा चालू आहे, रात्रीत किती जळली. ते सगळं मीच जमवून आणलं होतं. तो आत्ता खाटेवर बसलाय का, हे काही त्यावरून कळत नव्हतं. मला माझीच लाज वाटली आणि मी फोन लावला.

दोन घंटा. "गेट नंबर एकशेबारा, हणमंत."

"हणमंतभाऊ, गुलाबराव बोलतोय."

"बोला साहेब." मग शांतता. ती वाढत चालली, तसा तो म्हणाला, "रिडिंग इचारा की."

"रीडिंग आलंय हो इकडे."

"आलं असंल. तरी बी इचारा."

मी विचारलं. तो बघून आला. अठ्ठावन्न, प्रायव्हेट नंबर बारा. माझ्या पडद्यावरही अठ्ठावन्नच होतं. मी तसं सांगितलं तर केवढा खुलला. मग नीलगाई निघाल्या, भाकरी निघाली, आणि चहा झाला का तेही झालं. वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

ठेवायच्या आधी म्हणाला, "उद्या करनार?"

"करीन."

"मागल्या टायमाला बी म्हनला हुता."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"राग न्हाई साहेब. पर उद्या करनार असाल तर प्रायवेट नंबर द्या."

मी हसायला गेलो, पण तो हसत नव्हता. "माझ्याकडे कुठला नंबर?" मी म्हणालो. "आम्हा टेलिफोनवाल्यांना कागद देत नसत."

"मग मनानं सांगू नगा. खोटा नंबर वंगाळ. कागद मी लिवतो. छापील कवाच संपलं, आता मी हातानंच लिवतो."

"लिहा. मी येतो घ्यायला. आत्ता निघतो." आणि मग, आधी काही ठरवलेलं नसताना, मी म्हणालो, "हणमंतभाऊ, दोन कागद लिहा."

"दुसरा कुनाला?"

"बायकोला. पुण्याला असते. मी येतो येतो म्हणतो आणि जात नाही. तिलाही नंबर देत जाईन म्हणतो. पोस्टाने पाठवून देतो तिचा कागद."

"पोस्टानं?" हणमंत म्हणाला. त्याचा आवाज एकदम फाटकावरचा झाला. "पोस्टानं चालत न्हाई साहेब. कागद हातानं द्यावा लागतो. सहीवर."

म्हणजे पुण्याला जाणं आलं. शेवटी मी म्हणालो, "बरं, लिहा तर खरं," आणि स्कूटरची किल्ली शोधायला उठलो.